गिरणगावाची सरासरी

2001 ते 2011 या दहा वर्षांत लालबाग, परळ, वरळीच्या आकाशात क्रेन दिसली नाही असा दिवस नव्हता. गिरण्यांची धुराडी पाडली जात होती आणि त्यांच्या जागी तीस-चाळीस मजली टॉवर चढत होते. एवढे मजले चढले म्हणजे वस्ती वाढली असणार, असं कुणीही धरून चालेल. जनगणनेचे आकडे आले तेव्हा मात्र वस्ती घटलेली निघाली. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्यात 2001 मध्ये सुमारे 33 लाख 38 हजार माणसं होती, ती 2011 मध्ये 30 लाख 85 हजार उरली. महापालिकेच्या जी दक्षिण विभागात, म्हणजे वरळी, प्रभादेवी, लोअर परळ या पट्ट्यात, साधारण 4 लाख 58 हजारांचा आकडा 3 लाख 78 हजारांवर आला. शेजारच्या एफ दक्षिणमध्ये, म्हणजे परळ-लालबाग-शिवडीत, 3 लाख 96 हजारांचे 3 लाख 61 हजार झाले.

त्याच सुमारास इथल्या जमिनीचे भाव बघावेत. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं 2005 मध्ये मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे साडेसतरा एकर जमीन डीएलएफ कंपनीला 702 कोटी रुपयांना विकली. 2012 मध्ये तीच जमीन लोढा समूहानं सुमारे 2,700 कोटींना घेतली. सात वर्षांत जवळपास चौपट.

माणसं घटली आणि पैसा वाढला. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तरच गिरणगावाचं काय झालं ते उमजतं. एरवी ‘हा भाग किती सुधारला’ एवढं बोलून विषय मिटवला जातो. वस्ती श्रीमंत झाली हे खरंच आहे. पण त्यावरून वस्तीतली माणसं श्रीमंत झाली असं सिद्ध होत नाही, आणि नेमकी हीच गल्लत सर्रास होते.

एक हिशोब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. एका गल्लीत शंभर कुटुंबं राहतात आणि प्रत्येकाची महिन्याची मिळकत 25 हजार रुपये आहे. गल्लीच्या टोकाला टॉवर झाला, त्यात महिना 5 लाख मिळवणारी पंचवीस कुटुंबं राहायला आली. आता गल्लीची सरासरी मिळकत झाली 1 लाख 20 हजार, म्हणजे जवळपास पाचपट. चाळीतल्या एकाही घरात एक रुपया जास्त आलेला नाही. पुढच्या दहा वर्षांत त्या शंभरातली चाळीस कुटुंबं खोली विकून डोंबिवलीला, विरारला गेली, तर सरासरी आणखी चढते आणि 1 लाख 65 हजारांच्या घरात जाते. गरीब माणूस गल्ली सोडून गेला की गल्लीची गरिबी कमी झालेली दिसते. म्हणून कोणत्याही मोहल्ल्याची सरासरी हातात पडली, की त्याबरोबर कोण आलं आणि कोण गेलं हेही विचारायला हवं.

गिरणगावात मुळात आलं कोण, तिथपासून सुरुवात करावी लागते. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची पहिली कापड गिरणी 1856 मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरण्यांची रांग लागली. गिरण्यांना माणसं हवी होती आणि कोकणात, घाटावर जमीन घर चालवायला पुरत नव्हती. सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. तिथून आगबोटीनं आणि सातारा-कोल्हापूरकडून रेल्वेनं पुरुष येत राहिले. 1921 च्या शिरगणतीत मुंबईत राहणाऱ्या दर सहा माणसांत मुंबईत जन्मलेला जेमतेम एक होता. पुरुषांची संख्या बायकांच्या जवळजवळ दुप्पट होती.

ही आकडेवारी चाळीच्या खोलीत दिसायची. एकेका गावाच्या मंडळानं खोली घ्यायची, भिंतीला खुंट्या मारायच्या, प्रत्येकाला एक खुंटी, एक ट्रंक आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकायचा. जेवणाची सोय खाणावळवाल्या बायांकडे. कुणाचा नवरा गिरणीत, कुणाचा वारलेला, कुणाचा दारूत बुडालेला, आणि ती दहा-पंधरा गाववाल्यांना दोन वेळ जेवू घालून संसार ओढायची. किराणा उधारीवर यायचा आणि सावकाराचं व्याज कधी संपायचं नाही. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये याच बायांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणगावाच्या मिळकतीचा हिशोब करताना गिरणीच्या हजेरीपटाबाहेरची ही कमाई हमखास विसरली जाते.

त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचं कारण नाही. गिरणीच्या आतही मिळकतीचे थर होते. विणकर खात्यात मजुरी चांगली, पण तिथे धोट्याचं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. 1928-29 च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत बरीच वर्षं राहिलेले होते. 1920 च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचात एक बाई होती. पुढे रात्रपाळीवरची बंदी, बाळंतपणाच्या रजेचा खर्च आणि नवी यंत्रं यांमुळे मालकांनी बायकांची भरती आवरती घेतली. बदली कामगारांवर तर रोज सकाळी दारावर उभं राहून काम मिळतंय का ते बघायची पाळी. तरीही जो कायम झाला त्याला प्रॉव्हिडंट फंड होता, ग्रॅच्युइटी होती, ईएसआयचा दवाखाना होता. त्या पगारावर गावाकडे मनीऑर्डर जायची, बहिणीचं लग्न व्हायचं, मुलगा शाळेत जायचा.

हे सगळं 18 जानेवारी 1982 पासून ढासळलं. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं आणि 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याखाली एकाच संघटनेला मिळालेली मक्तेदारी संपवणं, या मुख्य मागण्या होत्या. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कामावर परत न गेलेल्यांची संख्या लाखाच्या घरात होती. कापडाचं काम तोवर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकलं होतं, आणि मालकांना गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची वाटू लागली होती.

मग एवढी मिळकत बुडाल्यावरही ही माणसं मुंबईच्या मध्यभागी टिकली कशी? याचं उत्तर घरभाड्यात आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या चाळींची भाडी जवळपास 1940 च्या पातळीवर गोठवून ठेवली होती. खोलीला महिना काही रुपये, फार तर काही शे. घरमालकांनी दुरुस्ती सोडून दिली, जिने कुजले, सामाईक संडासांची दैना झाली, हे सगळं खरं. पण नोकरी गेलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर राहिलं ते त्या भाड्यामुळेच. संपानंतर कोकणातून उलट तांदळाची पोती मुंबईला येऊ लागली, बायकांनी पापड-मसाले, पोळीभाजी, धुणीभांडी धरली, पोरांनी वडापावच्या गाड्या टाकल्या. काही पोरं टोळ्यांत गेली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात असंच एक घर आहे.

म्हणजे 1980 आणि 90 च्या दशकांत इथली मिळकत घटली, पण वस्ती फारशी हलली नाही. वस्ती हलली ती जमीन मोकळी झाल्यावर.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 हा या गोष्टीचा कणा आहे. सगळ्या गिरण्यांची मिळून सुमारे 600 एकर जमीन. मालकाला ती विकसित करायची असेल तर तिचे साधारण तीन सारखे भाग पाडायचे: एक महापालिकेला मैदानं आणि सोयींसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये या नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची असं ठरलं. गिरणीची बरीचशी जमीन तर शेडखाली असते, त्यामुळे वाटणीला येणारा तुकडा फार आक्रसला. हा बदल मुंबई उच्च न्यायालयानं 2005 मध्ये मान्य केला नाही. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला. मोहल्ल्याचं उत्पन्न कोणत्या दिशेनं जाणार हे बाजारच ठरवतो असं मानण्याची पद्धत आहे. गिरणगावात ते एका नियमातल्या काही शब्दांनी ठरलं. तीन वाट्यांचा मूळ हिशोब टिकला असता तर आज इथे कितीतरी जास्त मैदानं असती आणि मध्यम-अल्प मिळकतीची हजारो घरं असती.

झालं ते असं: फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, ज्युपिटर मिलच्या जागी कचेऱ्यांचे काचेचे मनोरे आले, श्रीनिवास मिलच्या जागी आलिशान टॉवर उभा राहिला, कमला मिलच्या आवारात जाहिरात कंपन्या, वाहिन्या आणि उपाहारगृहं आली. या मोठ्या घरांत माणसं कमी राहतात. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा जण असतात. टॉवरच्या दोन हजार चौरस फुटांत तीन, आणि कित्येक घरं तर गुंतवणूक म्हणून कुलूपबंद. मजले वाढूनही माणसं का घटली, त्याचा बराचसा उलगडा इथे होतो.

दुसरं कारण म्हणजे बाहेर जाणं. चाळीतल्या घरात दोन भावांची लग्नं झाली की एकानं जायचं ठरलेलं. खोलीची पागडी, त्यातला घरमालकाचा वाटा, उरलेल्या पैशात डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याला वन-रूम-किचन. 2001 ते 2011 मध्ये मुंबई शहर जिल्हा साडेसात टक्क्यांनी आटला, आणि त्याच दहा वर्षांत तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 36 टक्क्यांनी वाढून 1 कोटी 10 लाखांवर गेली. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत मुंबई बेटावरच्या विधानसभेच्या जागा 17 वरून 10 झाल्या आणि उपनगरांच्या 17 वरून 26. ज्या गिरणगावानं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रस्ते भरून टाकले, त्याचा आवाज विधानसभेत संख्येनंच बारीक झाला.

बायका-पुरुषांचं प्रमाणही बदललं. मुंबई शहर जिल्ह्यात 2001 मध्ये दर हजार पुरुषांमागे 777 बायका होत्या. 2011 मध्ये 832. गाव सोडून एकट्यानं येणाऱ्या पुरुषांचं शहर हळूहळू कुटुंबाचं शहर होत असल्याची ही खूण. आता दुसरं टोक बघा. रत्नागिरी जिल्ह्यात 2011 मध्ये हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या. शंभर-सव्वाशे वर्षं पुरुष बाहेर पाठवणाऱ्या जिल्ह्याची ती नोंद आहे. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे त्याच दहा वर्षांत रत्नागिरीचीही लोकसंख्या घटली, 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर. गिरणगाव रिकामं झालं म्हणून माणसं कोकणात परतली, असं झालं नाही. दोन्ही ठिकाणची माणसं मधल्या पट्ट्यात, ठाणे-कल्याण-वसईत आणि पुण्याकडे, जाऊन राहिली.

जनगणना मोजते ती रात्री झोपणारी माणसं. गिरणगावाची दिवसाची वस्ती वेगळीच आहे. सकाळी नऊला लोअर परळ, परळ, प्रभादेवी या स्थानकांवर लोंढे उतरतात. त्यात लॅपटॉपवाले असतात, तसेच मॉलमधले विक्रेते, सुरक्षारक्षक, सफाई कामगार, पार्सल पोचवणारी मुलंही असतात. यांतल्या अनेकांचे आजोबा याच आवारात साच्यावर उभे राहत. आजोबा कायम कामगार होते आणि कामावर चालत जात. नातू कंत्राटदाराच्या माणसांत मोडतो आणि दीड-दोन तास लोकलमध्ये लोंबकळून येतो. हातात पडणारी रक्कम आकड्यानं कितीही मोठी दिसो, तिला फंडाचा आणि पेन्शनचा आधार नसेल, तर तिला वाढ म्हणावं का, हा प्रश्न मिळकतीच्या तक्त्यात कुठेच येत नाही.

या दिवसाच्या वस्तीचा अंदाज आधी आला नव्हता असंही नाही. 1996 मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं गिरण्यांच्या जमिनींसाठी अभ्यासगट नेमला होता. परळ आणि एल्फिन्स्टन (आताचं प्रभादेवी) या स्थानकांभोवती मोकळा चौक करावा, गर्दीला पसरायला जागा द्यावी, असं त्या गटानं सुचवलं होतं. ते कागदावर राहिलं. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी, पावसात, त्याच दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 जणांचे जीव गेले. वस्तीचं गणित चुकलं की ते माणसांच्या जिवावर बेततं, याचा याहून स्पष्ट दाखला मुंबईत सापडणार नाही.

आपल्या जनगणनेत मिळकत विचारलीच जात नाही. घरात किती खोल्या, संडास आत की बाहेर, टीव्ही, दुचाकी, मोटार आहे का, यावरून ओळखायचं. म्हणून मोहल्ला वाचायला दुकानं बघावी लागतात. लालबागच्या बाजारात अजून मिरची-मसाल्याच्या दुकानांपुढे उन्हाळ्यात रांगा लागतात, मसाला कुटणारे डंख धडधडत असतात, चिवडा गल्लीत चिवड्याचे ढीग असतात. पण गिऱ्हाईक बघितलं तर पिशव्या घेऊन कल्याणची लोकल पकडणाऱ्या बायका बऱ्याच. गणपतीत हेच दिसतं. 1928 पासूनची गणेश गल्ली असो की 1934 पासूनचा लालबागचा राजा, आसपासच्या गल्ल्यांतल्या मंडळांचे कितीतरी कार्यकर्ते आता राहतात ठाण्याला नि विरारला. दहा दिवस मात्र मुक्काम चाळीतल्या भावाकडे. वस्तीतून माणूस जातो तरी त्याचं नातं लगेच जात नाही, आणि हे नातं मोजणारा रकाना कोणत्याही फॉर्मवर नाही.

चाळींचा आता शेवटचा मोठा टप्पा चालू आहे. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या 207 बीडीडी चाळी: वरळीत 121, नायगावला 42, ना. म. जोशी मार्गावर 32, शिवडीत 12. खोली 160 चौरस फुटांची. पुनर्विकासात रहिवाशाला 500 चौरस फुटांचं घर मिळतं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या 556 कुटुंबांच्या हातात किल्ल्या पडल्या. हे मनापासून स्वागत करण्यासारखं आहे. चार पिढ्या ज्यांनी सामाईक संडासापुढे रांग लावली, त्यांना त्याच जागी स्वतःचं प्रशस्त घर मिळणं ही न्यायाची गोष्ट आहे. मात्र लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा महिन्याचा मेन्टेनन्स खासगी पुनर्विकासातल्या अनेक इमारतींत जुन्या रहिवाशांना पेलवत नाही. मग ते घर भाड्यानं देऊन किंवा विकून लांब जातात. घर दिलं आणि मिळकत होती तिथेच राहिली, तर काही वर्षांनी घराचा मालक बदलतो. पुनर्वसन झालेल्या कुटुंबांपैकी दहा वर्षांनी किती तिथेच आहेत, ही मोजणी म्हाडानं आणि महापालिकेनं करावी आणि जाहीर करावी. 1 मार्च 2027 या संदर्भ दिवसाच्या जनगणनेनंतर ती करणं सोपं होईल.

आणि ज्यांच्या श्रमातून या जमिनीला मोल आलं, त्यांच्या घरांचा प्रश्न तर तसाच आहे. गिरणी कामगार आणि वारसांचे घरासाठी दीड लाखांहून जास्त अर्ज आले. 2012, 2016 आणि 2020 च्या सोडतींमध्ये मिळालेली घरं सोळा हजारांच्या आतच. बाकीच्यांना बदलापूरच्या पुढे शेलू आणि वांगणीला घरं द्यायची योजना पुढे आली, आणि तिच्या विरोधात 9 जुलै 2025 रोजी कामगार आणि वारस आझाद मैदानावर जमले. 1982 मध्ये पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकला आहे. कितीतरी अर्जांवर आता मुलाचं किंवा सुनेचं नाव चढलं आहे. त्यांचं म्हणणं एका ओळीत मावतं: शेलू-वांगणी नको, घर मुंबईतच हवं.